हॉटेलातलं सुतक

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर खेकसले तर दचकू नका. बाबा म्हणायचे, "हिचा राग म्हणजे उतू जाणारा दूध. गॅस बंद केलो की खाली." गॅस बंद करायचं काम तेच करायचे. आता ते नाहीत, त्यामुळे मी आपली उतू जातेय आणि आपली पुसतेय.

अंधेरीहून रिक्षाने येताना ते हॉटेल अजून दिसतं. काचेचं, उंच, दारात फेटेवाला माणूस उभा. बाबा बसमधून जाताना दर वेळी त्याच्याकडे मान वळवून बघायचे आणि म्हणायचे, "भितर काय असात गो?" मी म्हणायचे, "काय असणार, खोल्या असणार." त्यांना ते उत्तर कधी पटलं नाही. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळ्यांची राखण केली, त्यामुळे कुठल्याही बंद दारामागे काय आहे याची त्यांना भारी उत्सुकता.

आम्ही त्या हॉटेलात राहिलो ते बाबांच्या बायपासच्या आदल्या दिवशी. हौस म्हणून कोण जातंय! त्याआधी एकदा त्यांच्या छातीत दुखलं होतं आणि आम्ही हायवेवर अडकलो होतो. पुढे टेम्पो, मागे टँकर, मेट्रोचं खोदकाम, आणि रिक्षात बाबा शर्टाची बटणं सोडून बसलेले. ते मी विसरूच शकत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, उशीर करू नका, प्रवास नको, दगदग नको, मनाला धक्का तर अजिबात नको. हॉस्पिटलात सकाळी लवकर हजर व्हायचं होतं. मी म्हटलं, परत त्या हायवेच्या भरवशावर मी बापाला सोडणार नाही. माझ्या ऑफिसचे पाहुणे ज्या हॉटेलात उतरतात ते नेमकं हेच, आणि हॉस्पिटल तिथून हाकेच्या अंतरावर. ऑफिसातल्या माणसाने एक खोली मिळवून दिली. बाबांना सांगितलं तेव्हा ते असे हसले, की जणू ऑपरेशन माझंच आहे आणि ते फक्त फिरायला येतायत.

आता मोठ्या काकांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मोठे काका म्हणजे बाबांचे दादा. मालवणकडे गावी एकटेच राहायचे. आजोबा लवकर गेले, तेव्हा दादांनीच बाबांना वाढवलं. पावसात वहाळाला पाणी आलं की बाबांना खांद्यावर बसवून शाळेत सोडायचे. बाबांना मुंबईला धाडलं, स्वतः जमिनीपाशी राहिले. लग्न केलं नाही. का केलं नाही, कुणी विचारायचं नाही. मीही केलेलं नाही, त्यामुळे मला ते बरोबर समजायचं. आमच्या घराण्यात पिढीला असा एक निघतोच. बाबा रोज संध्याकाळी दादांना फोन करायचे. बोलणं काय, तर पाऊस पडला का, गाय व्यायली का, जेवलास का. आणि एक गोष्ट दोघांत केव्हाच ठरलेली होती. दादांना मूल नाही, तेव्हा दादांना आग द्यायची ती धाकट्या भावाने. हे बाबांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की आई वैतागून म्हणायची, "भरल्या घरात असा बोलू नका हो."

त्या सकाळी मी बॅगा भरत होते आणि माझा फोन वाजला. गावाहून भावकीतला चुलतभाऊ. म्हणाला, "ताई, मोठे काका गेले. पहाटे. झोपेतच." मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं. मला आधी रडू नाही आलं, आधी राग आला. म्हटलं, आजच? आजचाच दिवस मिळाला? मी कुणावर रागावले होते, देव जाणे. चुलतभाऊ विचारत होता, "धाकटे काका येतील का? येणार असतील तर थांबवून ठेवतो." मी म्हटलं, "तू जरा फोन ठेव. मी सांगते."

आई ओट्यापाशी होती. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी नळ सोडला आणि त्या आवाजात तिला सांगितलं. आई पिठाच्या डब्यावर बसली. हातात कोथिंबीर होती, ती तशीच धरून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "नळ बंद कर, पाणी जातंय." मग तशाच बारीक आवाजात म्हणाली, "ह्यांना सांगायचं नाही."

"आई, अगं, आग द्यायचीय त्यांना."

"कळलं तर हे आत्ताच्या आत्ता गाडीत बसतील. अडवशील तू? मला नाही अडवता यायचे. आणि एवढ्या प्रवासात वाटेतच काही झालं तर? दादा गेले ते गेले. मला हे हवेत." तिने डोळे पुसले नाहीत, कारण पुसले तर लाल दिसतात. "बरे होऊ देत. मग काय मला मारायचं ते मारू देत."

मी चुलतभावाला कळवलं की तू कर. तो म्हणाला, बरं. मग मी बाबांचा फोन चार्जिंगच्या नावाखाली उचलला, त्यात गावच्या मंडळाच्या ग्रुपवर दादांचा फोटो आणि हात जोडलेली चित्रं येऊन पडली होती, ती सगळी पुसली आणि फोन बंद करून माझ्या पर्सच्या तळाशी घातला. बाबांना म्हटलं, "हॉस्पिटलवाले म्हणाले, पेशंटला फोन नको." बाबा म्हणाले, "बरा झाला. कटकट गेली." मला वाटलं, चला, एक खिंड तर लढवली.

आता आमच्यात भावकीत कुणी गेलं की सुतक. बातमी कानावर आली की डोक्यावरून अंघोळ. मग दिवस होईपर्यंत देवापुढे दिवा नाही, मासे नाहीत, तळण नाही, फोडणी नाही, गोड नाही. पुरुषांनी दाढी करायची नाही. सख्खं कुणी असेल तर पलंगावर झोपायचं नाही. शहरात हल्ली कोण एवढं पाळतं? पण आई पाळते. टॅक्सीत बसताना ती माझ्या कानात म्हणाली, "अंघोळ राहिली ना गं माझी. आता परत केली असती तर ह्यांनी विचारलं असतं." तिच्या तोंडावर भीती होती. मी तिचा हात दाबला.

हॉटेलात रिसेप्शनवर एक गोड मुलगी होती. तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सॉरी सॉरी करायला लागली. आमच्या खोलीचा एसी बिघडला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, आम्ही तुम्हाला सूट देतोय, वरच्या मजल्यावर." मग बाबांकडे वळून, "आजोबा, काही स्पेशल ऑकेजन आहे का?" बाबा मिशीत हसले. "आसा तर! उद्या माझा मोठा काम आसा." ती म्हणाली, "वॉव, काँग्रॅच्युलेशन्स!" बाबा म्हणाले, "थँक्यू."

आता सूट म्हणजे काय हे मलाही धड माहीत नव्हतं. दार उघडलं तर पुढे एक अख्खी बैठकीची खोली, सोफे, जेवायचं टेबल, त्यावर फळांची परडी. मग आणखी एक दार, आत झोपायची खोली. आमचं चारकोपचं घर त्यात फिरून आलं असतं. आई दारातच थांबली. "चपला बाहेर काढूया ना?" मी म्हटलं, "आई, हॉटेल आहे." पण तोवर बाबांनीही काढल्या होत्या. दोघांच्या चपला बाहेरच्या त्या लांबलचक गालिच्यावर भिंतीला लावून, जोडी जोडी नीट ठेवल्या. थोड्या वेळाने बेल वाजली. युनिफॉर्ममधला एक माणूस दोन कापडी पिशव्यांत त्या चपला घालून घेऊन आलेला. म्हणाला, "सर, पॉलिश करायच्या होत्या का?" बाबांच्या रबरी चपला! मला इतकं हसू आलं, की पोटात दुखलं. आईसुद्धा हसली, आणि लगेच तोंडावर पदर घेतला.

बाबांनी मग त्या सूटची अशी तपासणी केली, की गाळ्यांच्या राखणीला असतानाही एवढी केली नसेल. प्रत्येक कपाट उघडून बघितलं. तिजोरी उघडली, बंद केली. पलंगाशेजारी एक बटण होतं, ते दाबलं की खिडकीचा पडदा आपोआप सरकायचा. ते त्यांनी एवढ्यांदा दाबलं, की मी ओरडले, "बाबा, तुटेल ते!" कपाटात पांढरे जाड टॉवेलचे अंगरखे होते. त्यातला एक अंगावर चढवून ते आरशापुढे उभे राहिले आणि आईला म्हणाले, "कसो दिसतंय?" आई म्हणाली, "देवळातल्या पुजाऱ्यासारखे." मग त्यांनी पलंगावर हात दाबून बघितला. "ह्यो पलंग न्हय गो, होडी आसा. हयसून थंयसर हाक मारूक लागतली." मी आईकडे बघितलं. ती त्या पलंगाकडे बघत होती, आणि ती काय ठरवतेय ते मला कळलं.

आईने "घाम आलाय" म्हणून आधी अंघोळीला नंबर लावला. डोक्यावरून पाणी घेऊन आली, केस टॉवेलात बांधलेले. बाबांनी एरवी विचारलं असतं, सकाळी तर झाली तुझी. नाही विचारलं. ते म्हणाले, "आता मी. तो टब बघतंय जरा." आत खूप वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी दोनदा दार वाजवलं. "बाबा, ठीक आहे ना?" आतून आवाज, "झकास आसा! गरम पाणी संपणाच नाय!" बाहेर आले तेव्हा डोक्यावरून पाणी गळत होतं, डोळे लाल. म्हणाले, शाम्पू गेला. मी टॉवेल घेऊन त्यांचं डोकं पुसलं. लहान मुलासारखे उभे राहिले. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, की चला, माणूस खूश आहे. आणि दुसरीकडे गावात त्याच वेळेला काय चाललं असेल ते डोळ्यांपुढे येत होतं. त्या दिवसासारखी मनाची ओढाताण माझी कधी झाली नाही.

खिडकीतून विमानं दिसायची. सांताक्रूझच्या बाजूने खाली उतरताना चाकं बाहेर काढलेली, इतकी जवळ, की वाटायचं आतला माणूस हात करेल. बाबा खुर्ची ओढून तिथे बसले ते बसलेच. मग म्हणाले, "दादाक ह्या दाखवूक व्हया होता." आई बॅगेतले कपडे उगाच परत घडी करायला लागली. मी म्हटलं, "दाखवू की. आणू त्यांना." एवढं खोटं माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं, की माझाच मला धक्का बसला. बाबांनी मान हलवली आणि परत बाहेर बघायला लागले.

संध्याकाळ झाली. फोनची वेळ. गावाला लाईट गेलेत, टॉवर बंद आहे, असं सगळं मी तयार ठेवलं होतं. बाबांनी फोन मागितलाच नाही. आईची दिवेलागणीची वेळ. तिने देवाची छोटी तसबीर आणि निरांजन आठवणीने बॅगेत घातलं होतं, बातमी यायच्या आधी. ते तिने बाहेर काढलं नाही. बाबा एरवी घरात हमखास विचारतात, दिवा लावलास काय? त्यांनी तेही विचारलं नाही. मला वाटलं, नवलाईत विसरले. काय मूर्ख होते मी.

तेवढ्यात बेल. केक आला! रिसेप्शनच्या त्या मुलीने पाठवलेला, वर चॉकलेटने अभिनंदन लिहिलेलं. वेटर टाळ्या वाजवायच्या तयारीत उभा. बाबांनी सुरी घेतली, केक कापला, पहिला तुकडा आईसमोर धरला. आई म्हणाली, "नको हो, माझी दाढ दुखतेय." मग आईने तो त्यांच्या तोंडाशी नेला. "माका साखर नको, उद्या डॉक्टर ओरडात." तुकडा दोघांच्या हातातून फिरून ताटलीत परत आला. वेटर बघतोय. मग मी तो खाल्ला. दुसराही खाल्ला. सुतक मलाही होतंच, पण त्या टेबलावर कुणीतरी आनंदात असायला नको? वर म्हटलं, "मस्त आहे यार!"

जेवणाच्या मेनूत माशांचं अख्खं पान होतं. बाबा म्हणजे बांगड्याचा वास आला तर झोपेतून उठणारा माणूस. पान वाचलं आणि म्हणाले, "ह्यांचो मासो कदीचो असतलो कोण जाणे. माका दहीभात सांग." आई म्हणाली, "मलाही तोच." एवढ्या मोठ्या हॉटेलात दोन दहीभात, वर फोडणी न देता! ऑर्डर घेणाऱ्याने मला दोनदा विचारलं. मी त्याच्यावर खेकसले, "नाही म्हणजे नाही!" आई का सांगतेय ते मला ठाऊक होतं. बाबांचं मी ऑपरेशनच्या भीतीवर ढकललं. दाढी करायची आठवण केली, तर म्हणाले, "उद्या हॉस्पिटलवालेच करतले अख्ख्या अंगाची." त्यावर आम्ही तिघंही हसलो.

आम्ही जेवत होतो तेव्हा कुणीतरी येऊन झोपायची खोली आवरून गेलं होतं. चादर त्रिकोणी दुमडलेली, आणि दोन्ही उशांवर एकेक छोटं चॉकलेट, सोनेरी कागदात. आईने विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "गोड स्वप्नं पडावीत म्हणून." मी बाहेर सोफ्यावर झोपले. आईला दारात थांबवून हळूच विचारलं, कसं करणार आहेस? ती म्हणाली, "दिवा मालवला की माझ्या बाजूला खालीच आडवी होईन, ह्यांना काळोखात कळायचं नाही. हे उठायच्या आधी वर."

सकाळी लवकर निघायचं म्हणून मी चहाची किटली लावली आणि त्यांना उठवायला आतलं दार ढकललं. पडद्याच्या फटीतून उजेड येत होता. पलंग रिकामा. चादरीला एक सुरकुती नाही, त्रिकोण तसाच्या तसा, दोन्ही चॉकलेटं उशांवर. मग खिडकीच्या बाजूला आई दिसली, खाली गालिच्यावर, शाल पांघरून, हाताची उशी करून. मी तिला हलवायला पुढे गेले, आणि मला पलंगाच्या पलीकडून घोरणं ऐकू आलं.

मी वळसा घालून गेले. भिंत आणि पलंग यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत बाबा झोपले होते. तो पांढरा अंगरखा अंगाखाली पसरलेला, डोक्याखाली काही नाही. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले.

माझ्या तोंडून "बाबा!" निघालं. सगळं एकदम समोर आलं. टबातली अंघोळ, दहीभात, दाढी, दिवा, न मागितलेला फोन. आई माझ्या आवाजाने उठली, पलंगाला धरून उभी राहिली आणि त्या होडीएवढ्या पलंगावरून पलीकडे वाकून बघायला लागली. बाबांनी डोळे उघडले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, मध्ये तो पलंग.

"तुमका कळला?" आई म्हणाली.

"काल सकाळीच. दूध आणूक खाली गेलंय तेवा." आमच्या खालच्या मजल्यावर आमच्याच गावचे एक गृहस्थ राहतात, त्यांनी दूध केंद्रावर सांगितलं होतं. म्हणजे माझा फोन वाजायच्या आधी. मी बाथरूममध्ये दार लावून बसले होते, आईने नळाच्या आवाजात गुपित ऐकलं, आणि बाबा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते ते हे सगळं पोटात ठेवून.

"मगे बोललात नाय ता?"

"तू पयल्यांदा खंयतरी भायर रवूक निघालंस. बॅग भरलंस. म्हटलंय, एक दिवस तरी रव सुखान. सुतक कळला तर तू इलंच नसतंस."

आई पलंगाच्या कडेवर हात ठेवून उभी होती, पण बसली नाही. "गेलात नाय कित्या? दादांक आग..."

बाबा उठून बसले. मी हात दिला. छातीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "दादा गेलो. तेका आता माझी वाट बघूची नाय. तुका आसा."

आई रडायला लागली. मोठ्याने, चारकोपच्या घरात शेजाऱ्यांच्या धाकाने कधी रडली नव्हती तशी. बाबाही रडले. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना बघत होते, आणि डॉक्टरांनी जे जे नको म्हणून सांगितलं होतं ते ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मी काही थांबवलं नाही. मीही त्यांच्यात बसून घेतलं. तिघंही खाली, पलंगाला पाठ लावून.

मग बाबांनी माझा फोन घेतला आणि चुलतभावाला लावला. "तू केलंस ना रे सगळा? बरा झाला. आता राख सावडा. पण अस्थी ठेव, पाण्यात सोडू नको. मी बरो झालंय की येतंय. तवसर थांब." फोन परत देताना मला म्हणाले, "तो पडदा उघड गो. विमान बघतंय एक." मी म्हटलं, "तुम्हीच दाबा बटण." त्यांनी दाबलं. चहा कुणीच घेतला नाही, त्यांना उपाशी राहायचं होतं म्हणून आम्हीही नाही. निघताना आईने गालिच्यावरचा अंगरखा उचलून त्याची घडी केली. ती दोन चॉकलेटं तिथेच राहिली.

ऑपरेशन झालं. बाबा शुद्धीवर आले, आईशी बोलले, "भूक लागली" म्हणाले. आम्ही आशेवर होतो. पण त्यानंतर प्रकृती उतरत गेली ती वर आलीच नाही. दादांचे दिवस व्हायच्या आधी बाबा गेले. सुतकावर सुतक आलं. याच्याबद्दल मला आणखी लिहिता येत नाही. पुष्कळदा मनात येतं, जायचेच होते तर दादांना आग देऊन तरी गेले असते. मग आई आठवते, पिठाच्या डब्यावर बसलेली.

बोरीवलीच्या स्मशानात भावकीतले पुरुष आपापसांत कुजबुजत होते, मुलगा नाही तर कोण पुढे होणार. मी म्हटलं, "कुजबुजताय काय? मी आहे ना." बाबांना आग मी दिली.

नंतर त्यांच्या अस्थी घेऊन आई आणि मी गावी गेलो. दादांच्या अंगणातल्या आंब्याला, फडक्यात बांधलेलं मडकं टांगलेलं होतं. चुलतभाऊ म्हणाला, "काकांनी थांब म्हटलं होतं, मी थांबलो." आईने आपल्या हातातलं मडकं त्याच फांदीला, शेजारी बांधायला लावलं. ती दुपार दोघं भाऊ तिथे होते. संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी आम्ही दोघांनाही एकदम सोडलं. पाणी ओहोटीचं होतं, पटकन ओढून नेलं.

परत येऊन ओसरीवर बसलो. चुलतभावाची बायको चांगली आहे, पण बोलताना मागचापुढचा विचार करत नाही. ओसरीवरचा दादांचा दिवाण आईसाठी झाडत तिने विचारलं, "काकी, मुंबैच्या त्या मोठ्या हॉटेलात तुमी रवलात म्हणे. कसा होता?"

मी तिच्यावर उखडणार होते. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने दिवाणाकडे एकदा बघितलं, कोपऱ्यातली चटई ओढून खाली पसरली आणि तिच्यावर बसली.

"बरा होता गो," ती म्हणाली. "जमीन मऊ होती."